शेवटचा डबा

कॅन्सस सिटीहून निघालेली आमची गाडी सेंट लुईसच्या जवळ आली तेव्हा आप्पा खिडकीच्या काचेला नाक लावून बसले होते. साडेपाच तासांहून जास्त प्रवास झाला होता. जेफरसन सिटीनंतर मिझुरी नदी बराच वेळ रुळांना खेटून चालली होती आणि मी तिचे फोटो काढत सुटले होते. आप्पांचं नदीशी काही देणंघेणं नव्हतं. बाजूची लूप लाइन कुठे फुटते, रूळ बदलायचा सांधा कुठे आहे, समोरून मालगाडी आली की बाजूला कोणाला काढतात, हे ते बघत होते. आम्ही दोनदा बाजूला निघालो आणि लांबलचक मालगाड्या ऐटीत पुढे गेल्या. "इथे मालाला मान आहे," आप्पा म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. छत्तीस वर्षं गार्डाची नोकरी, त्यातली निम्मी मालगाडीवर काढलेली. मालगाडीला कुठेतरी मान मिळतोय हे बघून त्यांना बरंच वाटलं असावं.

शहर सुरू झालं. डाव्या हाताला एक छप्पर दिसायला लागलं ते संपेचना. त्याच्या पलीकडे घड्याळाचा दगडी मनोरा, आणि शेजारी पांढरा आकाशपाळणा. हेच युनियन स्टेशन. याच्यासाठीच तर आलो होतो, दोन रात्रींची खोली घेऊन. आप्पांनी सवयीनं पायाशी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

गाडी थांबली नाही.

"अगं, स्टेशन गेलं की!"

"तिथे गाडी थांबत नाही आप्पा. हॉटेल आहे ते आता."

"ते माहीत आहे मला," आप्पा म्हणाले. "पण जाताना वेग तरी कमी करायचा."

दोन-तीन मिनिटांनी गाडी जिथे थांबली ते २००८ साली उघडलेलं नवं ठाणं, रेल्वे आणि बस एकाच छपराखाली. कंडक्टरनं आधी एक पिवळं, पायरीसारखं स्टूल दाराखाली ठेवलं, स्वतः उतरला आणि मग एकेकाला हात देऊन उतरवलं. आप्पांचा नंबर आला तेव्हा मी त्याला सांगितलं, हेही तुमच्याच धंद्यातले. त्यानं टोपीला हात लावला आणि मग तोच हात पुढे केला. आप्पांनी तो जरा जास्त वेळ धरून ठेवला. इथे ज्याला कंडक्टर म्हणतात तो आपल्याकडचा गार्ड. २०२२ पासून आपल्या रेल्वेनं गार्डांना 'ट्रेन मॅनेजर' केलंय, पण आप्पा तो शब्द तोंडातून काढत नाहीत. मॅनेजर बँकेत असतात, असं त्यांचं म्हणणं.

तिथून टॅक्सीनं युनियन स्टेशनच्या दारात उतरलो. म्हणजे रेल्वे स्टेशनवरून टॅक्सी करून रेल्वे स्टेशनला गेलो. आप्पांनी हे वाक्य पुढच्या दोन दिवसांत भेटेल त्याला ऐकवलं.

बाहेरून ही इमारत स्टेशन वाटतच नाही. थिओडोर लिंक नावाच्या, जर्मनीत जन्मलेल्या वास्तुविशारदानं ती रचली आणि १ सप्टेंबर १८९४ ला ती उघडली. खर्च त्या काळचे ६५ लाख डॉलर. दक्षिण फ्रान्समधल्या कार्कासोन या तटबंदीच्या गावावरून त्यानं बाह्यरूप घेतलं, म्हणून गोल बुरूज, निमुळती टोकं, जाड दगडी भिंती. मिसिसिपीपासून थोड्या अंतरावर, अमेरिकेच्या मधोमध, कोणाशीही लढाई नसताना बांधलेला किल्ला. पण दारातून आत जिना चढून गेलं की डोकं आपोआप वर जातं. ६५ फूट उंचीची पिंपासारखी गोल कमान, तिच्यावर हिरवं-सोनेरी नक्षीकाम, आणि दारावरच्या कमानीत रंगीत काचांची खिडकी. तिच्यात तीन बायका बसल्यात. मधली सेंट लुईस, एका बाजूला न्यूयॉर्क, दुसऱ्या बाजूला सॅन फ्रान्सिस्को. देशाच्या दोन टोकांच्या मधोमध आपण, असं या शहराला तेव्हा वाटत होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं. एका छताखाली २२ रेल्वे कंपन्यांच्या गाड्या येत. इतक्या कंपन्या एकाच स्टेशनात जगात दुसरीकडे कुठे नव्हत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दिवसाला लाखभर माणसं इथून ये-जा करायची.

आता या हॉलमध्ये हॉटेलची बैठक आहे. जिथे लोक तिकिटं हातात धरून गाडीच्या पुकाऱ्याकडे कान लावून बसत, तिथे लोक पेले हातात धरून कोचांवर रेलतात. मला वाटलं आप्पांना हे खटकेल. त्यांनी सगळीकडे बघून घेतलं आणि विचारलं, "पहिल्यापासून इथे हॉटेल नव्हतं?"

होतं. हे मला खरंच आश्चर्याचं वाटलं होतं वाचताना. मुळातच या पुढच्या इमारतीत वेटिंग रूम, तिकिटांच्या खिडक्या आणि खाणावळीबरोबर एक हॉटेलही होतं.

"मग बदललं काय?" आप्पा म्हणाले. "हॉटेल आहे. स्टेशन गेलं."

खोलीची किल्ली देताना मुलीनं नकाशावर पेनानं रेघ मारली आणि आम्ही त्या रेघेवरून चालत निघालो. हॉलमधून मागे, एका रुंद मार्गिकेतून आणखी मागे. या मार्गिकेला मिडवे म्हणत. इथे फाटकं होती आणि फाटकांपलीकडे गाड्या. चालता चालता डोक्यावरचं छत एकदम उंच गेलं आणि लोखंडी कैच्या दिसायला लागल्या. आम्ही त्या छपराखाली आलो होतो, जे गाडीतून संपत नव्हतं. जॉर्ज पेग्रम या इंजिनिअरचं काम, साडेअकरा एकरांवर पसरलेलं. सुरुवातीला खाली ३२ रूळ होते, पुढे ते ४२ झाले. १९८५ मध्ये हॉटेल झालं तेव्हा बऱ्याच खोल्या या शेडच्या पोटातच बांधल्या. आमची खोली त्यांतली.

आप्पा दारात थबकले. "कितव्या फलाटावर आहे ही?"

मी हसले. ते हसले नाहीत. खोलीत बॅग ठेवून पुन्हा बाहेर आले, वरच्या कैच्यांवरून अंदाज घेत, बोटांनी काहीतरी मोजत दहा-पंधरा मिनिटं फिरले आणि येऊन म्हणाले, "आठ किंवा नऊ. पलंग तुझा आठवर, माझा नऊवर." त्यांच्या हिशेबावर मी विश्वास ठेवला नाही, पण रात्री झोपताना दोन पलंगांमधल्या जागेकडे माझं लक्ष गेलं, हे खरं.

या स्टेशनाची जी गोष्ट मला आप्पांना सांगायची होती ती मी संध्याकाळच्या चहापर्यंत राखून ठेवली होती. इथे गाड्या पाठमोऱ्या येत.

स्टेशन टोकाचं आहे, रूळ इमारतीपाशी येऊन संपतात. सरळ आत शिरली असती तर इंजिनं थेट फाटकांपाशी येऊन धूर सोडत उभी राहिली असती. म्हणून गाडी आधी स्टेशनावरून पुढे जायची, थांबायची, सांधे बदलायचे, आणि मग शेपटीकडून, हळूहळू, मागे सरत शेडमध्ये शिरायची. धुराचं तोंड लांब, बाहेरच्या बाजूला. प्रवासी उतरला की इमारत समोर. पूर्वेकडून येवो की पश्चिमेकडून, प्रत्येक गाडी अशीच. दिवसभर, वर्षानुवर्षं, बेचाळीस रुळांवर.

आप्पांनी कप बशीत ठेवला. "म्हणजे फलाटाला आधी लागायचा तो शेवटचा डबा."

"हो."

"आणि शेवटच्या डब्यात कोण?"

आप्पांच्या आयुष्याचा बहुतेक भाग गाडीच्या शेवटी गेला. त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही, पण लहानपणी आम्हा मुलांना ते टोचायचं. बाकीच्या मुलांचे वडील ड्रायव्हर. स्टेशनात गाडी शिरली की सगळ्यांच्या नजरा इंजिनाकडे. आमचे वडील दिसायचे ते सगळे डबे पुढे निघून गेल्यावर, हातात बावटा घेऊन, तोवर फलाटावरच्या माणसांनी चढायची धक्काबुक्की सुरू केलेली असायची. एकदा मी विचारलं होतं की तुम्ही पुढे का बसत नाही. तेव्हा त्यांनी एल. व्ही. ची पाटी दाखवली होती. लास्ट व्हेइकल. प्रत्येक गाडीच्या शेवटच्या डब्याच्या पाठीला ती लावायची, रात्री लाल दिवा. गाडी ठाण्यावरून गेली की तिथल्या माणसानं इंजिन बघून भागत नाही, ती पाटी बघायची. पाटी दिसली तर गाडी पुरी गेली, मागचा रस्ता मोकळा. नाही दिसली तर काही डबे तुटून मागे राहिलेत, आणि त्यांच्यावर दुसरी गाडी सोडायची नाही. "इंजिन आलं म्हणजे गाडी आली असं नसतं," ते म्हणाले होते. मला तेव्हा ते कळलं नव्हतं, आणि इंजिनाचं आकर्षणही कमी झालं नव्हतं.

आता अमेरिकेतल्या एका हॉटेलात ते मला उलटी गाडी समजावून सांगत होते. ढकलत आणायची म्हणजे ड्रायव्हरला समोरचं काही दिसत नाही. मग डोळे शेवटच्या डब्यातल्या माणसाचे. ब्रेकही त्याच्या हातात हवा. तो असायचाच. मागच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाकडे हवेच्या ब्रेकची नळी असे आणि तिलाच शिट्टी. रुळावर कोणी आडवं आलं तर ड्रायव्हरची वाट न बघता ब्रेक लावायला तो मोकळा. आप्पांनी हे मी सांगायच्या आधीच ताडलं होतं. चहाची बशी टेबलावरून इंच-इंच मागे सरकवत ते तो माणूस झाले होते. साखरेच्या भांड्याच्या आधी चार बोटांवर बशी थांबली.

"इथे मला नोकरी हवी होती," ते म्हणाले.

मग मी त्यांना मोबाइलवर तो फोटो दाखवला. तुम्हीही पाहिला असेल. अध्यक्ष हॅरी ट्रूमन गाडीच्या मागच्या गॅलरीत उभे आहेत, तोंडभर हसताहेत, आणि दोन्ही हातांनी एक वर्तमानपत्र डोक्याच्या उंचीवर धरलंय. शिकागोच्या त्या पत्रानं निकाल लागायच्या आधीच 'ड्युई यांनी ट्रूमनना हरवलं' असा मथळा छापून टाकला होता. तो फोटो याच स्टेशनातला, १९४८ च्या नोव्हेंबरातला. ट्रूमन आपल्या गावाहून, इंडिपेन्डन्सहून, वॉशिंग्टनला परत निघाले होते. सकाळी आमची गाडी त्या इंडिपेन्डन्सलाही थांबली होती आणि आम्ही दोघं नेमके डबा उघडून पोळी-भाजी खात होतो.

आप्पांनी फोटो बोटांनी मोठा केला. ट्रूमनकडे त्यांनी पाहिलंच नाही. गॅलरीचा कठडा बघितला, दिवा कुठे आहे बघितला. मग म्हणाले, "शेवटच्या डब्यात आहेत ना? म्हणून दिसले. पुढच्या डब्यात असते तर फोटो काढणाऱ्यांना अर्धा मैल पळावं लागलं असतं." हा तर्क त्यांचा. मला तो पटला.

या हॉलमधून बाहेर पडायच्या दाराशी एक कमान आहे. तिच्या एका पायथ्याशी भिंतीला तोंड लावून पुटपुटलं की दुसऱ्या पायथ्याशी, चाळीसेक फुटांवर, कान लावलेल्याला स्वच्छ ऐकू येतं. मध्ये उभ्या असलेल्यांना काही कळत नाही. आवाज कमानीच्या वळणाला चिकटून वर चढतो आणि पलीकडे उतरतो. असं सांगतात की बांधकामाच्या वेळी एका कामगाराच्या हातून हातोडा पडला आणि पलीकडच्या रंगाऱ्याला तो कानाशी पडल्यासारखा वाटला, तेव्हा ही गंमत ध्यानात आली. येणारी जोडपी इथे काय बोलतात ते त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं.

आप्पांच्या दोन्ही कानांत मशिनं आहेत. भिंतीला कान लावला की मशीन शिट्टी वाजवतं. दोनदा प्रयत्न झाला, दोनदा शिट्टी वाजली, मागे रांगेतलं एक लहान मूल खिदळलं. शेवटी त्यांनी एका कानातलं मशीन काढून खिशात टाकलं आणि मला हातानं खूण केली, तू तिकडे जा, ऐक. मी गेले. कान लावला. दगड गार होता.

"ऑल राइट," भिंतीतून आवाज आला. त्यांचा ड्युटीवरचा आवाज. घरी ते तसं बोलत नाहीत.

मी वळून बघितलं तर चाळीस फुटांवर पाठ करून उभे, उजवा हात बाजूला सरळ, जणू त्यात हिरवा बावटा आहे. वॉकीटॉकी येण्याआधीची कितीतरी वर्षं गाडीच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाशी त्यांचं बोलणं बावट्यानं, कंदिलानं, शिट्टीनंच झालं होतं. वळणावर दिसलं तर दिसलं. काही ड्रायव्हरांबरोबर शेकडो फेऱ्या केल्या पण त्यांचा आवाज कसा होता ते आठवत नाही, असं ते जेवताना म्हणाले, आणि पुढच्या घासाला लागले.

दुसरा दिवस गंमतजंमत बघण्यात गेला, आणि इथे मी थोडी भराभर जाते, कारण त्यातलं बरंचसं जगात इतरत्रही बघायला मिळतं. शेडच्या एका भागात २०१९ च्या नाताळच्या दिवशी मत्स्यालय उघडलं. शार्क आहेत, पाणमांजरं आहेत, मिसिसिपी आणि मिझुरीतले मासे आहेत, आणि शाळेच्या सहली आहेत. आम्हाला खरी मौज वाटली ती प्रवेशाच्या वेळी. मासे बघायच्या आधी तुम्हाला जुन्या काळच्या रेल्वेच्या डब्यात बसवतात. खिडक्यांच्या जागी पडदे, त्यांवर पळणारं दृश्य. आप्पा चढले, खिडकीची जागा धरली, पुढच्या बाकाची कड मुठीत पकडली. दृश्य पळायला लागलं. मी त्यांच्याकडे बघत होते. अर्ध्या मिनिटात त्यांनी मूठ सोडली आणि खाली, पायांकडे बघितलं. नंतर म्हणाले की चाक फिरत असलं की ते आधी टाचांना कळतं.

पाळणा मात्र त्यांनी मनापासून आवडून घेतला. २०० फूट उंच, बंद काचांच्या डब्यांचा. डबे ४२. "बेचाळीस रूळ होते ना?" त्यांनी मला आठवण करून दिली. वर गेल्यावर पूर्वेकडे गेटवे आर्च ही उंच पोलादी कमान चमकत होती आणि तिच्यापलीकडे नदी. पश्चिमेला फुटबॉलचं नवं स्टेडियम. त्या बाजूला पूर्वी मिल क्रीक व्हॅली नावाची दाट वस्ती होती, कृष्णवर्णीयांची, घरं, चर्चं, दुकानं सगळं असलेली. १९५९ पासून शहरानं सुधारणेच्या नावाखाली ती पाडली. सुमारे २०,००० माणसं उठवली गेली. दक्षिणेकडून गाड्यांनी येऊन याच फलाटांवर उतरलेली किती कुटुंबं त्यांत असतील! स्टेशन वाचलं, त्याला राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला, त्याच्यावर पैसा ओतला गेला. दगडाचं जतन करायला माणसं पुढे येतात. पाळण्याच्या माहितीत पश्चिमेबद्दल फारसं कोणी बोलत नाही, म्हणून हे इथे लिहून ठेवते.

स्टेशन वाचलं तेही काही सरळ वाचलं नाही. महामार्ग आले, विमानं आली, गाड्या एकेक करत कमी झाल्या. ३१ ऑक्टोबर १९७८ ला शेवटची गाडी सुटली. त्यानंतर काही वर्षं हा हॉल नुसता पडून होता, इतका उजाड की १९८० मध्ये भविष्यातलं मोडकळीला आलेलं न्यूयॉर्क दाखवायला एका सिनेमावाल्यांनी तो वापरला. मग १९८५ मध्ये सुमारे १५ कोटी डॉलर खर्चून हॉटेल आणि मॉल. तेव्हा तो देशातल्या अशा प्रकारच्या सर्वांत मोठ्या प्रकल्पांत गणला गेला. पुढे मॉलमधली दुकानंही गाड्यांसारखीच एकेक करत गेली. २०१२ मध्ये नवे मालक आले आणि दुकानांच्या जागी मासे आले.

पण या सगळ्यात आप्पांना सर्वांत जास्त हसू आलं ते वेगळ्याच तपशिलाचं. १९७८ मध्ये हे एवढं स्टेशन सोडून गाड्या कुठे गेल्या? जवळच रुळांकडेला एक तात्पुरती शेड टाकली होती, तिथे. कायमचं ठाणं होईपर्यंत चालवून घ्या म्हणून. कायमचं ठाणं झालं २००८ साली. म्हणजे तीस वर्षं एका शहराचे प्रवासी साडेअकरा एकर छपराच्या शेजारी, तात्पुरत्या आडोशाला गाडीची वाट बघत उभे. "तात्पुरतं," आप्पा म्हणाले आणि डोळे पुसेपर्यंत हसले. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला हा शब्द कुठल्याही देशात कळतो.

संध्याकाळी समोरच्या चौकात कार्ल मिलेसचं कारंजं बघितलं, १९४० सालचं. मिसिसिपी हा पुरुष, मिझुरी ही बाई, दोघं एकमेकांकडे निघालेत, भोवती जलदेवता. नाव ठेवलं होतं 'नद्यांचं लग्न'. मूर्ती उघड्यावाघड्या, म्हणून गावात ओरड झाली, आणि लग्नाचा 'पाण्याचा संगम' करून टाकला. कपडे काही चढवले नाहीत, नाव तेवढं बदललं. आप्पांनी या बाबतीत मत दिलं नाही.

रात्री हॉलच्या कमानीवर दिव्यांचा खेळ असतो. छतावर पानं फुटतात, मासे पोहतात, आणि मध्येच एक इंजिन धडधडत छतभर धावत जातं. लोक माना वर करून बघत होते. ते इंजिन समोरून आलं, अंगावर आलं, डोक्यावरून गेलं. एकट्या इंजिनाला मागे डबे फारसे दिसले नाहीत. मी आप्पांकडे बघितलं. ते मान वर करून शेवटपर्यंत बघत राहिले होते.

"पाटी नव्हती," खोलीकडे जाताना ते म्हणाले.

पहाटे पाचला जाग आली तेव्हा ते कपडे करून पलंगावर बसलेले. मशिनं अजून डबीत होती, म्हणून जरा मोठ्यानं बोलत होते. "खालून गाडी जाते."

"आप्पा, झोपा."

"दोनदा गेली. एकदा रात्री बाराच्या सुमाराला, एकदा आत्ता."

"मशीन काढून ठेवल्यावर कसं ऐकू आलं?"

"ऐकू कुठलं? पाठीला कळलं."

मी खाली जाऊन काउंटरवर विचारलं, आप्पांची समजूत काढायला काहीतरी उत्तर हवं म्हणून. तिथला मुलगा म्हणाला, बरोबर आहे, शेडखाली मेट्रोलिंकचं स्टेशन आहे. शहराची हलकी रेल्वे, १९९३ पासूनची. मी आदल्या दिवशी त्या पाटीवरून दोनदा गेले होते.

नकाशा न बघता आप्पा माझ्यापुढे निघाले. खाली उतरणारा रस्ता, अंधारी, कमी उंचीची जागा, दोन रूळ, दोन फलाट. कामावर निघालेली पाच-सहा माणसं. एकीच्या हातात घडी केलेला एप्रन, एकानं थर्मास काखोटीला मारलेला. कोणी वर बघत नव्हतं, बघण्यासारखं वर काही नव्हतं. आप्पा फलाटाच्या अगदी टोकाला जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या मागे. ते जिथे थांबले तिथून गाडीचं तोंड नीट दिसणार नव्हतं. मला सांगावंसं वाटलं की इकडे या, इथून चांगली दिसेल. मग लक्षात आलं.

दोन डब्यांची गाडी आली. दोन्ही टोकांना सारखंच तोंड, दोन्हीकडे काच, कुठली पुढची आणि कुठली मागची हे दिव्यांवरूनच कळायचं. चालवणारा एकटा. गार्ड नाही. दारं उघडली, माणसं चढली, दारं मिटली. गाडी हलली. पहिला डबा आप्पांच्या समोरून गेला, मग दुसरा. मागच्या काचेआड कोणी नव्हतं. तिच्या खाली दोन लाल दिवे होते, ते लांब जात बोगद्याच्या वळणावर एक झाले आणि दिसेनासे झाले.

आप्पांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"पुरी गेली," ते म्हणाले. "चल, चहा घेऊ."